खांदा १६५ वर अडकला म्हणून उतरवायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवीन २२ इंची वेबर केटल (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) घेतली, त्यावर ८ पाउंडांचा पोर्क शोल्डर सकाळी नऊला चढवला, दुपारी तीनपर्यंत तापमान छान वर गेलं आणि मग १६५ फॅरनहाइटला जे अडकलं ते हलेचना. दोन-अडीच तास वाट बघून तुम्ही तो उतरवलात, कारण पोर्क १४५ ला खायला सुरक्षित असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मग ते काट्याने सुटेना, सुरीने कापून वाढावं लागलं, वर धुराची कडू चव. आता पुढच्या महिन्यात २० माणसं जेवायला येणार आहेत आणि कॅरोलायना, मेम्फिस, कॅन्सस सिटी यातली बार्बेक्यूची कुठली स्टाइल करू असं विचारताय.

स्टाइलबद्दल पुढे भरपूर सांगते, पण आधी मांसाचं आणि विस्तवाचं बोलू, कारण सॉस बदलून तुमचे हे दोन्ही प्रॉब्लेम सुटणारे नाहीत. मी मूळची वसईची, आमच्याकडे लग्नात डुकराचं मटण नाही असं सहसा होत नाही, आणि गेली १४ वर्षं नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहतेय. इथे कोणी नुसतं बार्बेक्यू म्हणालं तर ग्रिलवरचे बर्गर किंवा चिकन कोणाच्या डोक्यातही येत नाही, बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर तासन्‌तास शिजलेलं डुक्कर. मी शिकले ते शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडून आणि मग स्वतः करून करून.

तर १४५ चा आकडा खरा आहे. अमेरिकन कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी तो १६० वरून १४५ वर आणला, उतरवल्यावर ३ मिनिटं तसंच ठेवायचं, खिम्याला मात्र अजूनही १६०. पण हा आकडा फक्त एवढंच सांगतो की खाऊन आजारी पडणार नाही, मऊ झालंय की नाही हे तो सांगत नाही. पाठीचा लॉइन १४५ ला उतरवला तर रसाळ लागतो, कारण त्या भागाला जनावर जिवंत असताना फारसं काम नसतं. खांदा म्हणजे राबणारा भाग, त्यात स्नायूंच्या मधेमधे चिवट पडदे आणि शिरा असतात, ते सगळं कोलॅजन. पायाचं सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी थलथलीत गोठलेलं असतं ना, ते गोठवणारं जिलेटिन ह्याच कोलॅजनचं झालेलं असतं. खांद्यात हा बदल १६० च्या पुढे नीट सुरू होतो आणि अतिशय सावकाश चालतो, म्हणून १९५ ते २०५ पर्यंत न्यावंच लागतं. तुम्ही १६५ ला उतरवलात म्हणजे पाणी निघून गेलं होतं आणि कोलॅजन अजून वितळलं नव्हतं, त्याहून वाईट टप्पा नाही.

आकड्यापेक्षाही हाताला काय लागतं ते बघा. थर्मामीटरची सळई तीन-चार ठिकाणी घालायची, ती लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे, कुठेही अडायला नको. आणि हाडासकट तुकडा घेतला असेल (घ्याच) तर खांद्याच्या पात्याचं ते चपटं हाड चिमटीत धरून हलवून बघायचं, तयार असेल तर ते आपोआप सरकत बाहेर येतं, पांढरं स्वच्छ, त्याला मांसाचा एक धागासुद्धा चिकटलेला नसतो. ते हाड असं हातात आलं की मला आजही तेवढाच आनंद होतो.

आता तो १६५ चा अडथळा, त्याला इथे स्टॉल म्हणतात, कोणाचा १५० ला येतो कोणाचा १७० ला, थर्मामीटर बिघडलेला नसतो. माठातलं पाणी गार कसं राहतं ते आठवा, पाणी झिरपतं, बाहेर सुकतं आणि सुकताना उष्णता घेऊन जातं. मांसाचंही तेच, पृष्ठभागावर येणारं पाणी उडत राहतं आणि कोळसा जेवढी उष्णता देतोय तेवढी ते काढून घेतं, म्हणून काटा तीन-चार तास जागचा हलत नाही. माझ्या पहिल्या खांद्याला मी घाबरून खालचे व्हेंट (हवेच्या झडपा) पूर्ण उघडले, केटल ३५० च्या वर गेली, वरची ब्राउन शुगर जळून काळी कडू झाली, आत सगळं तसंच चिवट, आणि साडेनऊपर्यंत जेवण नाही म्हणून पाहुण्यांची दोन लहान मुलं सोफ्यावर उपाशी झोपली. ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय की स्टॉलमध्ये विस्तव वाढवू नका. दोनच मार्ग आहेत, एक तर थांबा, नाहीतर गुंडाळा. वरची साल (बार्क म्हणतात) गडद तपकिरी झाली आणि नखाने खरवडून निघत नसली की जाड फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळायचं, वाफ अडते, पाणी उडायचं थांबतं, काटा परत चढायला लागतो. फॉइलने साल थोडी ओली होते, ते नको असेल तर गुलाबी बुचर पेपर वापरा, त्यातून थोडी वाफ निसटते आणि साल बरी राहते, पण वेळ जरा जास्त लागतो. मी घरच्यांसाठी करते तेव्हा गुंडाळत नाही, पाहुणे असले की १६५ ला गुंडाळतेच.

कडू चवीचं कारण धूर, आणि धुराचं कारण हवा. चुलीत ओलं लाकूड घातलं की जो पांढरा दाट धूर निघतो, डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं, तोच धूर मांसावर बसला की कडू लागतो. चांगला धूर जवळजवळ दिसतच नाही, वरच्या व्हेंटपाशी नीट बघितलं तर निळसर झाक दिसते आणि वास घेतला तर गोड वाटतो. त्यासाठी वरचा व्हेंट कायम पूर्ण उघडा ठेवायचा, तापमान फक्त खालच्या व्हेंटने सांभाळायचं. तुम्ही वरचा बंद करून तापमान खाली आणलंत असं लिहिलंय, धूर तिथेच कोंडला. आणि लाकडाचे चिप्स पाण्यात भिजवायचं सोडून द्या, भिजवलेलं लाकूड आधी वाफ देतं मग पांढरा धूर देतं, फायदा काही नाही. चिप्सऐवजी मुठीएवढे सुके चंक घ्या, हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, पीकन काहीही चालेल, मेस्कीट मात्र पोर्कला फार उग्र होतं असं माझं मत. अख्ख्या खांद्याला ४-५ चंक पुष्कळ झाले. पाइनसारखं राळ असलेलं लाकूड, प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या चुकूनही नकोत, आणि कोळसा पेटवायला लायटर फ्लुइड नको, चिमणी स्टार्टर, म्हणजे धातूचं उभं नळकांडं, घ्या. भारतात करणाऱ्यांनी सुकं आंब्याचं लाकूड वापरायला हरकत नाही.

केटलमध्ये कोळसा एका बाजूला ढीग करून पेटवला तर दर तासाला भरत बसावं लागतं आणि तापमान वरखाली होतं. त्यापेक्षा कोळशाची साखळी करा, इथे स्नेक म्हणतात. ब्रिकेट्स (कोळशाच्या एकसारख्या दाबलेल्या वड्या) घ्यायच्या, ओबडधोबड लंप कोळसा यासाठी नको, आणि केटलच्या कडेकडेने खाली दोन शेजारी शेजारी, त्यावर दोन, अशी ओळ साधारण पाऊण वर्तुळ होईपर्यंत मांडायची, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर लाकडाचे चंक ठेवायचे. १०-१२ ब्रिकेट्स चिमणीत लाल करून साखळीच्या एका टोकाला टाकायच्या, मग त्या एकीला एक पेटवत हळूहळू पुढे सरकतात, उदबत्तीसारखं. मध्ये रिकाम्या जागेत ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गरम पाणी, त्याच्या वर जाळीवर मांस. खालचा व्हेंट पाव उघडा, आणि २२५ ते २७५ मध्ये कुठेही राहिलं तरी चालतं, २५० ला आणण्यासाठी जीव काढू नका. झाकणावरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो वरच्या घुमटातलं तापमान दाखवतो, दोन सळया असलेला डिजिटल घ्या, एक सळई मांसात, एक जाळीवर मांसाशेजारी. आणि झाकण उघडून बघणं बंद, प्रत्येक वेळी उघडलं की केटल गार होते आणि आत घुसलेल्या हवेने कोळसा भडकतो.

मीठ आदल्या रात्री लावा. वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ८ पाउंडाला (३.६ किलो) साधारण ५५ ग्रॅम, आणि फ्रीजमध्ये उघडंच ठेवा. सकाळी काढून बाकीचा मसाला चोळा.

आता स्टाइल. लोक समजतात की स्टाइल म्हणजे सॉस. खरं तर आधी प्राण्याचा कुठला भाग, मग विस्तव किती लांब, आणि सॉस सगळ्यात शेवटी, जेवढं मांस तेलकट तेवढी आंबटाची गरज. पूर्व नॉर्थ कॅरोलायनात अख्खं डुक्कर करतात, लाकूड वेगळ्या भट्टीत जाळून त्याचे निखारे फावड्याने उचलून डुकराखाली पसरतात, चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तो वास परत मांसात जातो. एडन गावातलं स्कायलाइट इन नावाचं हॉटेल १९४७ पासून हेच करतंय, तिथे मांस सुऱ्यांनी बारीक कुटतात आणि त्यात कुरकुरीत कातडी मिसळतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच्या लाकडांच्या ढिगाजवळच उभी राहिले होते दहा मिनिटं. सॉस म्हणजे नुसतं व्हिनेगर, मिरची, मीठ, टोमॅटोचा थेंब नाही. पहिला घास घेतला आणि मला एकदम घरचं आठवलं, कारण आपल्याकडे गोव्यात विंदालू, वसईत इंदियाल, सगळीकडे डुकराबरोबर व्हिनेगर असतंच, त्या चरबीला तोडायला तेच लागतं. मराठी जिभेला ही स्टाइल सगळ्यात लवकर पटते असं मी पाहिलंय.

करायला अगदी सोपं, २ कप सायडर व्हिनेगर, १ मोठा चमचा चिली फ्लेक्स, २ छोटे चमचे मीठ, १ छोटा चमचा मिरपूड, हवी तर १ मोठा चमचा ब्राउन शुगर, बाटलीत घालून हलवून एक रात्र ठेवायचं. शिजवायचं नाही. मांस सोडवून झाल्यावर त्यावर थोडं थोडं शिंपडून हाताने मिसळायचं, आधी अर्धा कप, चाखायचं, मग पुढे.

त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्झिंग्टन गावात फक्त खांदा करतात, आणि व्हिनेगरमध्ये थोडा केचप जातो, त्याला सॉस न म्हणता डिप म्हणतात. कोबीच्या स्लॉमध्येही (सॅलडमध्येही) मेयोनीज नाही, हाच डिप, म्हणून तो लाल दिसतो. तिथे मागताना आउटसाइड ब्राउन म्हणायचं, म्हणजे बाहेरची खरपूस साल जास्त मिळते. दर ऑक्टोबरला गावात बार्बेक्यूचा उत्सव असतो, १९८४ पासून. पूर्व आणि पश्चिम यातलं खरं कोणतं यावर इथे घराघरात वाद आहेत, मी दोन्ही खाते, पण केटलवाल्याने लेक्झिंग्टन करावं, कारण अख्खं डुक्कर तुमच्या केटलमध्ये मावणार नाही आणि खांदा मावतो. फक्त निखाऱ्यावर चरबी ठिबकल्याचा वास पाण्याच्या ट्रेमुळे येत नाही, त्यासाठी मी न गुंडाळलेला खांदा शेवटी १० मिनिटं उरलेल्या निखाऱ्याच्या थेट वर धरते, चरबीची बाजू खाली, आणि तेवढा वेळ तिथून हलत नाही, कारण भडका उडतोच.

दक्षिण कॅरोलायनाच्या मध्यभागात पिवळ्या मोहरीचा सॉस, तिथे येऊन राहिलेल्या जर्मन कुटुंबांमुळे आला असं मानतात. १ कप यलो मस्टर्ड, अर्धा कप सायडर व्हिनेगर, पाव कप मध, मिरपूड, तिखट, झालं. आपल्याकडच्या कासुंदीची आठवण येते पण ही मोहरी नाकात जात नाही.

मेम्फिस म्हणजे बरगड्या (रिब्स), ड्राय म्हणजे नुसत्या कोरड्या मसाल्याच्या किंवा वेट म्हणजे सॉस लावलेल्या. ड्रायबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की तिथे दिवसभर मंद धुरावर ठेवतात, पण ज्यामुळे ड्राय रिब्स प्रसिद्ध झाल्या ते १९४८ चं रॉन्देव्हू हॉटेल कोळशावर थेट भाजतं, वर व्हिनेगरचं पाणी मारत राहतं आणि मसाला नंतर भुरभुरवतं. म्हणजे आपल्या शेगडीवरच्या भाजण्याच्या जास्त जवळ. कॅन्सस सिटीत उलट, दाट गोड सॉस, केचप आणि मोलॅसिस (काकवीसारखा पाक). तिथल्या बार्बेक्यूची सुरुवात हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली, आणि हे सांगायलाच हवं की अमेरिकेच्या दक्षिणेतली ही सगळी कला शेकडो वर्षं गुलाम म्हणून राबलेल्या आणि नंतरच्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांच्या हातातून आलेली आहे, रात्र रात्र खड्ड्यापाशी तेच जागत होते. कॅन्सस सिटीचा सॉस शेवटच्या अर्ध्या तासातच लावा, साखर असते, आधी लावला तर जळतो. टेक्सासचं मुख्य काम बीफवर, पोर्क रिब्सना ते मीठ आणि जाड मिरपूड लावून ओकच्या धुरावर ठेवतात, उत्तम लागतं, फार सांगण्यासारखं काही नाही.

बरगड्या करणार असाल तर आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढायचाच, चमच्याच्या मागच्या टोकाने एका हाडावरून उचलायचा आणि पेपर टॉवेलने पकडून ओढायचा, नुसत्या बोटांनी सटकतो. सगळीकडे ३-२-१ सांगतात, ३ तास धुरावर, २ फॉइलमध्ये, १ सॉस लावून, पण २ तास फॉइल मला फार वाटतं, मांस हाडावरून गळून पडतं आणि उकडल्यासारखं लागतं. मी तासाभरातच बाहेर काढते. चिमट्याने एका टोकाला उचललं की रिब्सची पट्टी वाकून वरच्या सालीला चिरा पडायला लागल्या की झालं.

अजून एक जे आपल्या लोकांकडून दरवेळी ऐकते. आई वसईहून पहिल्यांदा आली तेव्हा मी १२ तास खपून खांदा केला, तिने बशीत एक तुकडा उलटा केला, कडेला गुलाबी रेघ दिसली आणि बशी बाजूला सारून म्हणाली, अगं हे कच्चं आहे, डुक्कर कच्चं खायचं नसतं. ती रेघ कच्ची नसते. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतात आणि मग शिजलं तरी तो रंग जात नाही, स्मोक रिंग म्हणतात. तिच्यासमोर थर्मामीटर खुपसून २०० दाखवलं, मग खाल्लं तिने, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. तुमच्या २० माणसांमध्ये कोणीतरी हेच म्हणेल, आधीच सांगून ठेवा.

तुम्ही जाता जाता घरी बेकन करायचं विचारलंय, त्याबद्दल थोडंच पण महत्त्वाचं. आत्तापर्यंतचा धूर शिजवण्यासाठी होता, बेकनचा धूर टिकवण्याच्या घराण्यातला, गोव्यात चुलीवर टांगलेले चोरीस (पोर्कचे सॉसेज) किंवा नागालँडमधलं विस्तवावर वाळवलेलं पोर्क त्याच जातीचं. त्याला क्युरिंग सॉल्ट, म्हणजे मांस टिकवायचं खास मीठ, लागतं, ज्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, आणि ओळखू यावं म्हणून ते गुलाबी रंगवतात. आपल्या घरातलं गुलाबी मीठ म्हणजे सैंधव, हिमालयन पिंक. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. सैंधव घातलं तर क्युअर होणार नाही, आणि क्युरिंग सॉल्ट चुकून भाजीत पडलं तर विषबाधा होऊ शकते, म्हणून माझ्याकडे ते वेगळ्या कपाटात लाल चिठ्ठी लावून ठेवलेलं आहे. प्रमाण किलोला अडीच ग्रॅम, काट्यावर मोजून, चमच्याने नाही, सोबत २ टक्के साधं मीठ आणि १ टक्का साखर, पोटाचा तुकडा पिशवीत बंद करून ७ दिवस फ्रीजमध्ये, रोज उलटायचा, मग धुवून सुकवून आतून १५० होईपर्यंत मंद धुरावर.

आता तुमच्या २० माणसांचं. शिजून मांस जवळजवळ अर्धं होतं, हाड आणि चरबी धरून, माणशी १५० ग्रॅम शिजलेलं धरलं तर ३ किलो लागेल, म्हणजे ७-७ पाउंडांचे दोन खांदे. दोन्ही एका केटलमध्ये मध्यभागी खेटून मावतात. एक मोठा एक लहान घेऊ नका, एकदम होणार नाहीत. आणि माझं ऐका, त्याच दिवशी करू नका. आदल्या दिवशी पहाटे पाचला पेटवा, संध्याकाळपर्यंत होतील, गुंडाळलेलेच जुन्या टॉवेलात घालून रिकाम्या आइस बॉक्समध्ये दीड तास ठेवा, मग सोडवा. फॉइलमधला रस भांड्यात काढून ठेवा, वर आलेली चरबी काढा आणि रस मांसात परत घाला, त्यातच ते फ्रीजमध्ये जाईल. दुसऱ्या दिवशी झाकून ओव्हनमध्ये ३०० ला, अर्धी वाटी व्हिनेगरचा सॉस शिंपडून, आतून १६५ होईपर्यंत गरम करा. टेबलावर एका बाटलीत पूर्वेचा सॉस, एकीत लेक्झिंग्टनचा डिप, एका वाटीत मोहरीचा, ज्याला जे आवडेल ते घेईल. सोबत मऊ बन, कोबीचा स्लॉ, आणि आपली माणसं असतील तर थोडी पावभाजीची लादी, तिच्यावर बटर लावून शेकून, आमच्याकडे ती आधी संपते.

पात्याची दोन्ही हाडं टाकू नका. इथे दक्षिणेत चवळी शिजवताना धुरावलेलं डुकराचं हाड घालतात, मी तीच चवळी कांदा, लसूण आणि एक चमचा बाटली मसाल्यावर (आमच्या वसईकडचा मसाला) करते, हाड सुरुवातीपासून आत, आणि कोकम शेवटी. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाताबरोबर तेवढंच पुरतं.